खाडीचा गाळ आणि देशावरील व्यापारी

खाड्यांतील गाळ उपसण्यासाठीं सरकारनें पैसा खर्च करावा कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे सहज म्हटलें जातें कीं, अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाहीं; मग या वादांत आपण कशाला पडावें? आमच्या मतें ही उदासीनता इतिहासालाहि धरून नाहीं आणि हिशेबालाहि धरून नाहीं. चौल बंदर हें अहमदनगरच्या निजामशाहीचें समुद्राकडील द्वार होतें. तेथील पोर्तुगीजांना हुसकावण्यासाठीं मुर्तजा निजामशहानें 1570-71 सालीं वेढा घातला, यावरून त्या दरबाराला बंदराची किंमत किती वाटत होती हें दिसून येतें. आजहि आपला माल परदेशीं जावयाचा तर न्हावाशेवाचाच रस्ता जवळचा.

न्हावाशेवाचा मार्ग मोठ्या जहाजांसाठीं टप्प्याटप्प्यानें खोल करण्यांत आला, हें योग्यच झालें. परंतु लहान खाड्यांचें काय? 2016 च्या कायद्यानें देशांत 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांत रेवदंड्याहून रोह्याकडे जाणारी कुंडलिका आहे, धरमतरची अंबा आहे. राजपुरी, बाणकोट, दाभोळ व जयगड येथील खाड्याहि आहेत. नांव देणें सोपें, खोली टिकविणें कठीण. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या या आंखूड व वेगवान नद्या दर पावसाळ्यांत माती आणतात; खाडीच्या मुखाशीं वेग मंदावतो आणि गाळ बसतो. म्हणून एकदां उपसा केला कीं काम कायमचें झालें, ही समजूत निव्वळ भ्रम होय. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यालाहि तिचा गाळ पुन्हापुन्हा काढावाच लागतो.

सरकारी पैसा धक्का बांधण्यास लवकर मिळतो, कारण धक्क्यावर कोनशिला बसवितां येते. पाण्याखालच्या खोलीवर ती बसत नाहीं! पण धक्का उभा आणि त्यापुढें चिखल, अशी स्थिति झाली म्हणजे कोळ्याचा मचवा भरतीची वाट पाहत खोळंबतो व मासळीचा भाव पडतो. घसाऱ्याची रक्कम बाजूला न काढणाऱ्या पेढीची गत काय होते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच.

यावर आक्षेप असा कीं, कारखान्यांच्या मालासाठीं करदात्यानें पैसा कां द्यावा? आक्षेप रास्त आहे. जेथें कोळसा व खनिज भरलेल्या पडावांची ये-जा मोठी आहे, तेथें मालाच्या वजनावर आकार घ्यावा. जेथें कोळी व तरीचे उतारू आहेत, तेथें भार सरकारी तिजोरीनें उचलावा. दोहोंसाठीं दरसालचा स्वतंत्र निधि असावा. पावसाळ्यानंतर खोली मोजावी, उपशानंतर पुन्हां मोजावी, दोन्ही आंकडे मराठींत प्रसिद्ध करावे व मोजलेल्या कामापुरतेंच बिल चुकवावें. उपसलेला गाळ तिवरांच्या वनावर टाकूं नये.

2017 सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली, तेव्हां साचलेला गाळ काढणें हें सार्वजनिक काम आहे, हें तत्त्व सरकारनेंच मान्य केलें. घाटावर मान्य झालेलें तत्त्व घाटाखालीं अमान्य कां व्हावें? आपल्या जिल्ह्याच्या प्रतिनिधींनीं विधिमंडळांत हा प्रश्न विचारावा, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.