मुंबईला जाताय? कोळीवाड्यातले शब्द सोबत न्या!

काय दोस्तांनो, सुट्टीत मुंबईला मामाकडे ना? मग बॅगेत टॉवेल कोंबण्याआधी हे तीन शब्द डोक्यात कोंबा. पुस्तकात आपण ‘ओहोटी’ वाचतो, तिला कोळीदादा म्हणतात ‘सुकती’. ‘सुकती लागली’ असं कानावर आलं, की पाण्यातून बाहेर! ओसरणारं पाणी तुम्हालाही आत ओढू शकतं. ‘उधाण’ म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती. चंद्र-सूर्य एका रेषेत येऊन पाणी खेचतात ना, त्याचा हा प्रताप! अष्टमीच्या आसपास येतो ‘भांग’. तेव्हा भरती बेताची. बेताची म्हणजे बिनधोक नव्हे हं!

गंमत म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते, तेव्हा आधी विचारा, ‘‘काका, भरती किती वाजता?’’ मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडचे काँक्रीटचे ठोकळे शेवाळाने निसरडे असतात. फोटोसाठीसुद्धा तिथे उतरायचं नाही. (बाबा, हे तुम्हालाही!)

आणखी एक शब्द, ‘पाकट’. शेपटीला विषारी काटा असलेला हा चपटा मासा. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर त्याने कित्येकांना डंख मारले होते. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे तो आधीच पळतो. डंख झालाच तर थेट डॉक्टरकडे.

कुणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी मारू नका. जीवरक्षकाला हाका मारा, दोर किंवा रिकामा कॅन फेका आणि ११२ ला फोन करायला सांगा.