सहा तासांचे पाहुणे

गेल्या महिन्यात मुलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर पांढरीशुभ्र क्रूझ, वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आणि खाली दर. संध्याकाळी मुंबईहून निघायचं, रात्र समुद्रात, दुसऱ्या दिवशी गोवा आणि मग परत. "अब्बू, दादीला घेऊन जाऊ या. स्टेशनचे जिने नाहीत, बसचे धक्के नाहीत. लिफ्टने वर, लिफ्टने खाली," ती म्हणाली.

अम्मीचं वय आता अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. टेमघरला आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरून ती खाली उतरते ती दवाखान्यासाठी, नाहीतर कुणाच्या लग्न-मयतीसाठी. बाकी तिची दुनिया म्हणजे गॅलरी आणि खालून जाणारा कल्याण रोड.

तिला एकदा बोटीत बसायचं आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिचे वडील म्हणजे माझे नाना बोटीने हाजला गेले होते. अम्मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. त्यांना पोचवायला सगळं घर मुंबईच्या गोदीत गेलं होतं. आठवडाभर समुद्रावर राहून नाना जेद्दाला पोचले आणि परत आल्यावर पुढची वीस वर्षं त्या समुद्राच्या गोष्टी सांगत राहिले. मुंबईहून हाजला जाणारी बोट १९९५ मध्ये बंद झाली. अम्मीला हाज नसीब झाला तो त्यानंतर, विमानाने. "खिडकीतून नुसते ढग दिसले," एवढंच ती त्या प्रवासाबद्दल सांगते.

म्हणजे मुलीला हो म्हणायला एक मिनिटही लागायला नको होतं. मी पंधरा दिवस लावले. कारण कार्यक्रमपत्रिकेतला दुसरा दिवस: नाश्त्यानंतर मुरगाव बंदरात उतरायचं, बसने ओल्ड गोवा, तिथून पणजी, फोंतेन्हासमध्ये 'हेरिटेज वॉक', खरेदी आणि संध्याकाळी परत बोटीवर. जाण्यायेण्याची वेळ धरून सगळे मिळून सहा तास.

फोंतेन्हासला मी आधी गेलो आहे. पणजीतली ती जुनी वस्ती. तिथल्या झऱ्यावरून तिला ते नाव पडलं. अरुंद गल्ल्या, लाल कौलं, पिवळ्या-निळ्या भिंती, लाकडी खिडक्या. सात-आठ वर्षांपूर्वी पणजीला काम होतं, बायको बरोबर होती. एका पिवळ्या भिंतीपुढे मी तिला उभं केलं आणि फोटो काढू लागलो. तेवढ्यात तिच्या डोक्यामागची खिडकी उघडली. आत एक वयस्कर बाई, हातात ओला टॉवेल. ती कोकणीत, अजिबात आवाज न चढवता म्हणाली, की आज सकाळपासून माझ्या खिडकीपुढे किती जण उभे राहिले ते मी मोजायचं सोडून दिलं आहे. मला धुतलेले कपडे वाळत घालायचे आहेत, तुम्ही जरा सरकता का?

आम्ही सरकलो. पण मला राग आला होता. मी काय तिच्या घरात शिरलो होतो? रस्ता सरकारचा, कॅमेरा माझा. हॉटेलवर पोचेपर्यंत मी बायकोला हेच ऐकवत होतो.

राग उतरला तो घरी परतल्यावर, वर्षभराने. आमच्या ओळखीच्या एकाचा लूमचा छोटा कारखाना आहे. एक दिवस तिथे गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला एक तरुण आला. वागायला चांगला होता, चहा प्यायला. धूळ, कापसाचा भुगा, बनियनवरचे कारीगर, वरून येणारी उन्हाची तिरीप, सगळं त्याने टिपलं आणि गेला. नाव कुणाचं विचारलं नाही. पुढे ते फोटो कुठेतरी झळकले आणि एका कारीगराच्या गावाकडच्या भावाने ते मोबाईलवर पाहिले. कारीगराने घरी सांगून ठेवलं होतं की मी मुंबईजवळ सुपरवायझर आहे. त्या रात्री तो माणूस जेवला नाही.

भिवंडीवाल्यांना बघितलं जाणं नवीन नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर लोक आम्हाला बघायला आले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग कोसळली, चाळीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हाही आले. काही जण मदतीला आले, काही बातमीसाठी आले, ते त्यांचं काम होतं. आणि काही नुसते बघायला आले, मोबाईल उंच धरून. भिवंडी बघून ते गेले. भिवंडीत कुणाच्या घरी मात्र गेले नाहीत.

फोंतेन्हासच्या त्या बाईचं दुःख आणि आमचं दुःख एका मापाचं नाही, हे मला कळतं. तिच्या घराचं कौतुक होतं, आमच्या घराची कीव येते. पण खिडकी उघडल्यावर समोर अनोळखी माणसाचा मोबाईल दिसणं, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

कुरआनात सूरह नूरमध्ये एक सांगणं आहे: दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरातल्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नका, आणि परत जा म्हटलं तर परत जा. लहानपणी मदरशात हे शिकलो तेव्हा घर म्हणजे चार भिंती आणि एक दार, असंच वाटलं. आता वाटतं, जुन्या शहरांमध्ये घर दारापाशी संपत नाही. जिथे बाया संध्याकाळी पायरीवर बसतात, पोरं खेळतात, कपडे वाळतात, ती गल्लीसुद्धा घराचाच भाग असते. नकाशात ती सार्वजनिक असेल. म्हणून तिथे जाऊच नये असं नाही. सलाम करून जावं.

आणि क्रूझमध्ये नेमका सलामालाच वेळ नाही. दीड-दोन हजार माणसं एकाच सकाळी एका बंदरात उतरतात. झोपायला बोट आहे, जेवण बोटीवर आहे, त्याचे पैसे आधीच भरलेले आहेत. शहराच्या वाट्याला येतं ते बसचं भाडं, गाईडचे पैसे, चार फ्रिज मॅग्नेट, काजूची पाकिटं आणि हजारो पावलं. मुक्कामाला राहणारा माणूस सकाळी कोपऱ्यावर पाव घेतो, दुपारी खानावळीत मासे खातो, रात्री खोलीचं भाडं देतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार त्याला ओळखतो. सहा तासांच्या माणसाला कुणी ओळखत नाही, तोही कुणाला ओळखत नाही. त्यात चूक त्या माणसाची नाही. सहलीची आखणीच तशी असते.

इटलीतल्या व्हेनिसची गोष्ट यासाठीच सांगावीशी वाटते. तिथल्या जुन्या शहरात १९५० च्या सुमाराला पावणेदोन लाख लोक राहत होते, आज पन्नास हजारही उरलेले नाहीत. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजांना शहराच्या मधल्या कालव्यातून जायला बंदी झाली. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांना पाच युरो शुल्क लागलं. रात्री मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क नाही, कारण तो हॉटेलात वेगळा कर भरतो. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने एका वेळी किती जहाजं यायची यावर मर्यादा घातली. या शहरांनी पाहुण्यांना हाकललं नाही. पाहुणा किती वेळासाठी आणि किती जणांबरोबर येतो, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली.

तुम्ही म्हणाल, साहेबलोक जग फिरत होते तेव्हा त्याला प्रवास म्हणायचे. आता आमच्यासारखे लोक चार पैसे जमवून निघाले तर ती लगेच गर्दी झाली? हा प्रश्न मला स्वतःलाही बोचतो. माझ्या अब्बांनी आयुष्यात सहल केली नाही. आमच्यातल्या बहुतेकांची पहिली सहल म्हणजे एखाद्या दर्ग्याचा उरूस किंवा नातेवाइकाचं लग्न. त्यांची पोरं आता कुठे समुद्र बघायला निघाली आहेत. त्यांना कुणी 'गर्दी करू नका' सांगितलं तर मी भांडेन. म्हणून मला व्हेनिसचं पाच युरोंचं उत्तरही पुरतं पटत नाही. पैशाची चाळणी लावली की गरीब खाली गळतो आणि श्रीमंत वर राहतो. चाळणी लावायचीच तर वेळेची लावावी. जो थांबेल, राहील, विचारेल, त्याचं स्वागत. स्वस्त खोलीत राहणारा गरीबही त्या चाळणीत टिकतो.

वेळ दिला नाही तर आपलंही नुकसान होतं. ओल्ड गोव्यात बस बॉम जेझुस बॅसिलिकापुढे थांबते आणि से कॅथेड्रलपुढे थांबते. दोन्ही बघण्यासारखीच आहेत, १९८६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण तिथून थोड्याच अंतरावर, सेंट कॅजेटन चर्चजवळ, आदिलशाही वाड्याच्या दरवाजाची एक चौकट एकटी उभी आहे. नोव्हेंबर १५१० मध्ये अल्बुकर्कने हे शहर घेतलं, इथल्या मुसलमानांची कत्तल झाली. त्याआधी दख्खनचे लोक याच बंदरातून मक्केच्या वाटेला लागत. तो वाडा गेला, चौकट राहिली. पणजीतल्या जुन्या सचिवालयाची इमारतही मुळात आदिलशहाचाच वाडा. फोंड्याची साफा मशीद आणि तिचा तलाव सोळाव्या शतकापासून तिथे आहे. घाईच्या फेरीत ही सगळी ठिकाणं कुठून बसणार? आणि बसवली तरी अर्ध्या मिनिटात त्या चौकटीपुढे उभं राहून काय कळणार? पाचशे वर्षांपूर्वी कुणाचं काय झालं, याचा नुसता राग घेऊन परतण्यापेक्षा, आज तिथे राहणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलून परतणं मला जास्त गरजेचं वाटतं. त्यालाही मुक्कामच लागतो.

इथवर विचार झाला तेव्हा माझं उत्तर 'नाही' असं ठरलं होतं. पण मग अम्मीच्या गुडघ्यांचं काय? तत्त्व माझं आणि किंमत तिने मोजायची, हे मला खटकत होतं. रेल्वेने नेऊन तीन दिवस गल्ल्यांमधून चालवणं तिला शक्य नाही. ती जाणार तर बोटीनेच, आणि तीही लवकर.

शेवटी एका दुपारी तिच्यापुढे सगळं मांडलं. फोंतेन्हासची बाई, कारखान्यातला कारीगर, व्हेनिससुद्धा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोवा मी कधी मागितला होता?"

मी गप्प.

"मला शहर नको रे. गर्दीत मला चालता तरी येतं का? नाना सांगायचे, बोट सुटली की मुंबई हळूहळू बुटकी होते आणि मग पाण्यात बुडते. मी धक्क्यावर होते, मला बोट बुटकी होताना दिसली. मला दुसऱ्या बाजूने बघायचं आहे."

पंधरा दिवस मी शहराला जायचं की नाही याचा विचार करत होतो. जिला न्यायचं होतं, तिला तिथे जायचंच नव्हतं. आपण सहलीचं ठरवताना यादी आधी बघतो आणि माणसाला शेवटी विचारतो, कधीकधी विचारतही नाही. निम्मी गर्दी यातूनच होत असेल. ज्यांना फक्त समुद्र हवा होता, त्यांनाही सकाळी बसमध्ये बसवलं जातं, कारण पैसे भरलेले असतात.

तर आमचं असं ठरलं आहे. क्रूझने जायचं. गोव्याच्या दिवशी मी आणि अम्मी बोटीवरच थांबू, डेकवर खुर्च्या टाकून. मुलगी आधी नाराज झाली. तिला ते रंगीत वाडे बघायचे आहेत आणि तिचं वयही बघायचंच आहे. तिला म्हटलं, पावसाळा सरत आला की आपण रेल्वेने जाऊ, तीन रात्री कुणाच्या तरी घरगुती खोलीत राहू. पाहुणचार तीन दिवसांचा, असं आपल्याकडे म्हणतातच. फोटो काढायचा तर दार वाजवून विचारू. नाही म्हणाले तर पुढे जाऊ.

दोन हजारांतून दोन माणसं उतरली नाहीत म्हणून फोंतेन्हासला काही फरक पडणार नाही, हे मला माहीत आहे. तेवढं मोठं जहाज समुद्रात काय काय सोडतं, तोही हिशेब माझ्या अंगावर आहेच, तो मी नाकारत नाही. मर्यादा शेवटी बंदर आणि सरकार यांनीच घालायची असते, आणि गोव्यातल्या लोकांनी ती मागितली तर आपण पर्यटकांनी चिडू नये. पण सरकार ठरवेपर्यंत आपण कुठल्या दारात कसं उभं राहायचं, एवढं तर आपल्या हातात आहे.

तुमच्या घरातही यंदा अशी जाहिरात कुणीतरी दाखवेल. गल्लीत जायचं असेल तर मुक्काम करा. मुक्काम जमत नसेल तर समुद्र बघा, तो सगळ्यांना पुरतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा.

तिकिटं काढून झाली आहेत. अम्मीने त्यावर एकच चौकशी केली: बोट मगरिबच्या आधी सुटते ना? किनारा उजेडात दिसला पाहिजे.