सही नव्हती, तर हिस्सा कसा गेला?



डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही गावे मीरा-भाईंदर महापालिकेत आली, तरी घराघरांतले व्यवहार अजून गावाच्याच रीतीने चालतात. मेट्रो 9 ची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वा गावांच्या जमिनीवर व्हायची होती. तिथल्या लोकांनी विरोध केल्यावर ती डोंगरीला हलवण्यात आली. अशा बातमीने जमिनीला भाव येतो आणि भाव आला की पेटीतले जुने कागद बाहेर निघतात. मग कळते की बापाच्या पश्चात भावांनी जमीन केव्हाच विकली, आणि खरेदीखतावर बहिणींची सही तर सोडाच, नावसुद्धा नाही. बहिणीने दावा लावला की गाव म्हणते, "पैशाला हपापली. माहेर बुडवायला निघाली."

या शेऱ्याला उत्तर देण्याआधी कायदा काय सांगतो ते नीट पाहू.

सांगलीच्या हिराबाई मगदूम यांचा खटला स्त्रियांच्या प्रत्येक गटात वाचला जावा असा आहे. त्यांचे पती खंडाप्पा 1960 साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. वाटपासाठी हिराबाईंनी 1962 साली सांगलीच्या न्यायालयात दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 1978 साली. पंधरा वर्षे! निकालाने ठरलेला हिशेब असा: मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असे मानायचे. पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी चौथाई. मग पतीची चौथाई सहा वारसांत सारखी वाटायची. हिराबाईंना मिळाले चोवीसपैकी सात भाग. याच हिशेबाने प्रत्येक मुलाचे सात भाग होतात, आणि प्रत्येक मुलीचा फक्त एक.

हा एक भागही 1956 च्या हिंदू वारसा कायद्यामुळे. मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीची भागीदार आहे, हे महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मान्य केले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभरासाठी दुरुस्ती आली 9 सप्टेंबर 2005 ला. तिने लग्नाची अट काढली. वडील त्या दिवशी हयात असायला हवेत का, हा वाद मिटायला मात्र 11 ऑगस्ट 2020 चा विनिता शर्मा खटल्याचा निकाल यावा लागला. तशी गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. "तोंडी वाटप कधीच झाले होते" हा भावांचा नेहमीचा बचावही आता सहज मानला जात नाही. तो सार्वजनिक कागदपत्रांच्या भक्कम आधाराने सिद्ध करावा लागतो.

या नव्या हक्काला एक मर्यादा आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री किंवा रीतसर वाटप 2005 च्या दुरुस्तीने उलटत नाही. पण म्हणून जुनी प्रत्येक विक्री पक्की, असेही नाही. वडील 1956 नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर त्यांच्या हिश्श्यात मुलगी तेव्हाच वारस झाली. सहहिस्सेदाराला फक्त स्वतःचा हिस्सा विकता येतो. भावाने सगळी जमीन विकली, तरी बहिणीचा भाग त्या खरेदीखताने जात नाही.

डोंगरीत हिंदू घरांच्या शेजारी ख्रिस्ती घरे आहेत. त्यांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलामुलींना सारखे. म्हणजे कागदावर या घरांतल्या मुली कितीतरी आधीपासून भावांच्या बरोबरीच्या आहेत. तरीही ख्रिस्ती बहिणीला "तुला लग्नात दिले ना?" हेच ऐकावे लागते. कायदे दोन आहेत, पण उंबरठ्यावरची रीत एकच आहे.

ही रीत कागदावर उतरते ती फेरफाराच्या वेळी. वडील गेल्यावर वारस म्हणून फक्त मुलांची नावे सांगितली जातात, किंवा बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. भाऊबीज तुटेल या भीतीने ती सही करते. पण सातबाऱ्यावर नाव नसले म्हणून मालकी संपत नाही. ती नोंद महसुलासाठी असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

दाव्यामागे कधी नवरा असतो, कधी मोठे झालेले मुलगे, कधी दुसरा बिल्डर, हे खरे आहे. त्या जमिनीवरच्या इमारतीत आयुष्याची पुंजी घालून खोली घेतलेल्या बाईचे काय, हा प्रश्नही खरा आहे. आमच्या मते त्याची जबाबदारी वारस दडवून विकणाऱ्यावर आणि चौकशी न करता घेणाऱ्यावर आहे. दडवल्या गेलेल्या बहिणीवर ती टाकता येणार नाही. कोणाच्याही सांगण्यावरून दावा लावला तरी हक्क तिचाच. मात्र मिळणारा पैसा तिच्याच खात्यात जातो ना, हे आपण पाहिले पाहिजे.

पण वेळ थांबत नाही. फसवून सही घेतली असेल, तर ते कळल्यापासून तीन वर्षांत दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. दुसऱ्याने उघडपणे मालक म्हणून ताबा ठेवला, तर बारा वर्षांनी हक्क बुडू शकतो. म्हणून आधी सातबारा, आठ-अ आणि सर्व जुने फेरफार काढा. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून घ्या. न वाचता कशावरही सही करू नका. दावा लावलाच, तर त्याची नोटीस नोंदवून घ्या, म्हणजे जमीन पुढे विकली जाताना घेणाऱ्याला ती दिसेल.

मुख्य म्हणजे, कोर्टाची पायरी चढावी लागू नये यासाठी वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच फेरफारात आई आणि सर्व बहिणींची नावे लागली पाहिजेत. हिस्सा घ्यायचा की भावाला द्यायचा, हे तिने नंतर ठरवावे. द्यायला तरी तो आधी तिच्या नावावर हवा.

तुमच्या घरातल्या सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत? या तीन महिन्यांत प्रत्येकीने तो उतारा काढून पाहावा आणि काय आढळले ते आम्हांला कळवावे.