मी जागा आहे काय?

स्वप्न ही आमच्या प्रांताला परकी गोष्ट नव्हे. गाणगापूरच्या वाटेवर थकून झोपलेल्या नामधारकाला स्वप्नात जी मूर्ती दिसते, तीच जाग आल्यावर समोरून येताना दिसते. ‘गुरुचरित्रा’चा आरंभच असा आहे. तुकोबांना गुरूपदेश झाला तोही स्वप्नातच. त्यांनी सांगितलेल्या गुरुपरंपरेतील राघवचैतन्यांची समाधी आळंदला असल्याचे परंपरा मानते. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद येथील जुन्या मराठी घरांत ‘दृष्टांत झाला’ हे शब्द आजही मान खाली घालून ऐकले जातात.

तुकोबांच्या त्या कथनात एक बारीक तपशील आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्याचा विसर पडला, असे ते स्वतःच सांगतात. झोपेत स्मृतीचा धागा कसा निसटतो, याचे इतके प्रांजळ वर्णन विरळाच. हा धागा निसटू न देता, ‘हे स्वप्न चालले आहे’ असे स्वप्नातच ओळखणे, याला आपण जाणते स्वप्न म्हणू. डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ साली त्याला इंग्रजीत नाव दिले. १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी त्याचा पुरावाच मिळवला. स्वप्नाच्या झोपेत सारे शरीर शिथिल असते, डोळे मात्र हलतात. ॲलन वर्स्ली या गृहस्थांनी गाढ झोपेतून, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि यंत्राने ती टिपली.

ही विद्या साधण्याचा एक उपाय म्हणजे दिवसा वास्तवाची पारख करणे. आपण अंगाला चिमटा काढून पाहतो, परंतु तो कच्चा साक्षीदार आहे; चिमटा स्वप्नातही दुखू शकतो. त्याहून चांगली रीत म्हणजे नाक दाबून श्वास घेऊन पाहणे. स्वप्नात नाक दाबले असूनही श्वास चालू राहतो. दुसरी रीत वाचनाची. भालकी स्थानकावरील पाटी वाचावी, मान फिरवावी, पुन्हा वाचावी. जागेपणी अक्षरे जागची हलत नाहीत. स्वप्नात ती बहुधा बदललेली असतात. जन्मभर मराठीखेरीज न बोललेले आजोबा अस्खलित कन्नड बोलू लागले, तर तेथेही थबकून विचारावे, ‘मी जागा आहे काय?’ दिवसा लागलेली सवय रात्री स्वप्नात उतरते, ही या साधनेमागची कल्पना.

परंतु नुसती सवय पुरत नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठाचे डेनहोम ॲस्पी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ पारख करणाऱ्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. पाच तासांच्या झोपेनंतर उठून, ‘पुढचे स्वप्न मी स्वप्न म्हणून ओळखीन’ असा संकल्प करून पुन्हा निजण्याची जोड दिली, तेव्हा आठवडाभरात सुमारे १७ टक्के प्रयत्न सफल झाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोले यांचे सांगणेही हेच होते की, प्रश्न दिवसा मनापासून विचारला पाहिजे. ‘जागाच आहे की’ असे उत्तर आधीच ठरवून नाक दाबणारा माणूस स्वप्नातही तेच उत्तर देतो आणि पुढे झोपतो.

आमच्या मते खरी मेख येथेच आहे, आणि ती आपल्या घरांना लागू पडते. जग स्वप्नवत् आहे, हे आपण भजनात, कीर्तनात, तेराव्याच्या दिवशी शेकडो वेळा म्हणतो. गौडपादाचार्यांनी आपल्या कारिकांच्या वैतथ्य प्रकरणात जागृती आणि स्वप्न यांची तुलना तर्काने, मुद्द्यामागून मुद्दा मांडून केली. आपण मात्र तिचे पाठांतर केले. ज्या वाक्याची कधी परीक्षाच घेतली नाही, ते वाक्य जीव घाबरा झालेल्या रात्री धावून कसे येणार? बरे, जागेपणी सारे जग स्वप्न म्हणणारे आपणच, एखाद्या रात्रीच्या स्वप्नावरून ठरलेली सोयरीक मोडतो किंवा शेत विकतो. श्रद्धेला आमचा विरोध नाही. पण आज्ञा म्हणून आलेल्या स्वप्नालाही सकाळच्या उजेडात चार प्रश्न विचारणे हा काही अधर्म नव्हे.

या साधनेची चैन मात्र करू नये. आकाशात उडण्याच्या हौसेपायी रोज झोपमोड करणे प्रकृतीला परवडत नाही. ज्यांना जागेपणीच खऱ्याखोट्याचा भ्रम होतो, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या वाटेस जाऊच नये. दुःस्वप्नांनी गांजलेल्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी हिचा उपयोग करून पाहिला आहे, आणि तेथेच हिचे मोल अधिक. पाठलाग करणाऱ्या सावलीकडे वळून ‘तू स्वप्न आहेस’ असे म्हणता आले, तर पळण्याचे कारणच उरत नाही.

इतरांनी दिवसातून चारपाच वेळा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी क्षणभर खरोखर थांबावे. रात्री काही हाती लागो वा न लागो, तेवढे चार क्षण तरी आपण जागे असू.