रात्रीची मैफल आणि ध्वनीचा कायदा

सवाई गंधर्वांच्या नांवानें पुण्यास भरणाऱ्या संगीत महोत्सवाचा इतिहास काढला कीं जुने रसिक आधीं पहाटेची गोष्ट सांगतात. रात्रभर गाणें चालावें, शेवटीं भीमसेन जोशी बसावे, आणि श्रोते मंडपाबाहेर पडतात तों उजाडलेलें असावें! ती पहाट आतां उरली नाहीं. तिच्यावर इलाज आहे काय, हा प्रश्न आम्ही पुण्यास नव्हे, पिंपरी-चिंचवडास विचारूं इच्छितों.

रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ सालीं वारले. दुसऱ्या वर्षीं, पहिल्या पुण्यतिथीस, आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फें भीमसेन जोशी यांनीं हा उपक्रम आरंभिला. रामभाऊंचे गुरु खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं १९१३ मध्यें पुण्यांत काढलेल्या शाळेचें नांवही आर्य संगीत विद्यालयच होतें. मुसलमान उस्ताद, त्याचा ब्राह्मण शिष्य, आणि त्या शिष्यापाशीं शिकलेले पारशी फिरोज दस्तूर व गंगूबाई हनगळ! ज्या घरांतील बायकांच्या गाण्यास शिष्ट लोक नांवें ठेवीत, त्या घरांतील गंगूबाईंनीं याच व्यासपीठावर मानानें गावें, हें कार्य शंभर व्याख्यानांनीं झालें नसतें.

आतां कायद्याकडे वळूं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपकास बंदी केली. या बंदीवर आमचा रोष नाहीं. आजाऱ्याची झोप ही कोणत्याही तानेपेक्षां मोठी आहे. उत्सवाच्या नांवाखालीं भिंती हादरविणाऱ्यांनीं ही बंदी ओढवून घेतली आणि दंड मात्र तंबोऱ्यास बसला, इतकेंच. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठीं वर्षांतून फार तर पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारला आहे, व तो सर्वोच्च न्यायालयानें २००५ मध्यें वैध ठरविला. पण मध्यरात्र म्हणजे पहाट नव्हे. दरबारी-मालकंसांचें कसेंबसें भागेल. ललत-भटियारांनीं कोठें जावें?

परंतु त्याच नियमांतील दुसरी वाट लोक विसरतात. बंदिस्त सभागृहांत, आंतल्यांपुरता ध्वनिक्षेपक लावण्यास रात्रींही मनाई नाहीं. मोकळ्या मैदानावर भरणाऱ्या पुण्याच्या प्रचंड मेळ्यास हिचा उपयोग नाहीं. चिंचवडास मात्र रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, संत तुकारामनगरांत अत्रे रंगमंदिर आहे.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्यें पिंपरीस आला. १९७० मध्यें नगरपालिका व १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. एवढें मोठें शहर गाण्यासाठीं अद्याप पुण्याचें तोंड पाहतें. २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते हें खरें. पण दुपारीं सुरू होऊन रात्रीं आटोपणाऱ्या मैफलीस दुसऱ्या पाळीचा कामगार जाणार केव्हां? चाकणचा यंत्रकामगार सुटतो तेव्हां मुकुंदनगरचा मंडप झाडून झालेला असतो. रात्र जागण्याची संवय ज्यांना आहे, त्यांनाच रात्रीचें गाणें मिळूं नये हा न्याय अजब आहे.

पलुसकरांनीं १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें तें संस्थानिकांच्या मेहेरबानीवर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. आमची मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. महानगरपालिकेनें हिंवाळ्यांतील एका शनिवारची रात्र एका सभागृहांत गाण्यासाठीं राखावी, भाडें माफ करावें, आणि आवाज भिंतीबाहेर जात नाहीं याची आधीं तपासणी करावी. कलावंतांचें मानधन चिंचवडचे व्यापारी व चाकणचे कारखानदार यांनीं वर्गणीनें उभारावें. पहिला षड्ज दुसरी पाळी सुटल्यावर लागावा.