झोपेच्या गोळ्यांचा गैरवापर : जप्तीइतकीच उपचारांचीही गरज

छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई आणि रायपूर परिसरात नशेच्या गोळ्यांची बेकायदा विक्री करणाऱ्यांना अटक झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांपासून वरचेवर येत आहेत. जप्त होणाऱ्या मालात अल्प्राझोलाम आणि नायट्राझेपाम ही नावे वारंवार आढळतात. ही दोन्ही मुळात चिंता आणि निद्रानाशावरील औषधे आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ गुन्हेगारीचा राहत नाही. ज्या गोळीसाठी एखादा तरुण अंधाऱ्या गल्लीत जातो, त्याच प्रकारची गोळी अनेक घरांत उशाशी ठेवलेली असते. पहिल्या प्रकाराकडे पोलिसांचे लक्ष आहे. दुसऱ्याकडे मात्र फारसे कोणाचेच नाही.

भिलाई शहराच्या घडणीतच या प्रश्नाचा एक धागा सापडतो. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामगारांसाठी वसवलेल्या नगराचे मध्यवर्ती ठिकाण म्हणजे सिविक सेंटर. बाजारपेठ, नेहरू आर्ट गॅलरी आणि संध्याकाळी फिरायला निघालेली कुटुंबे हे तेथील नेहमीचे दृश्य. मात्र झोतभट्टी रात्रीही विझत नाही, त्यामुळे कारखान्याचे काम पाळ्यांमध्ये अहोरात्र चालते. रात्रपाळी आणि सतत बदलणाऱ्या पाळ्या शरीराचे नैसर्गिक चक्र बिघडवतात आणि अशा कामगारांमध्ये झोपेच्या तक्रारी अधिक आढळतात, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. केवळ भिलाईच नव्हे, तर चंद्रपूर, नाशिक, पिंपरी-चिंचवड अशा प्रत्येक औद्योगिक शहराला ही बाब लागू पडते. त्यात आता रुग्णालये, कॉल सेंटर आणि सुरक्षारक्षकांच्या रात्रपाळ्यांची भर पडली आहे.

या समस्येची राष्ट्रीय व्याप्ती लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी नवी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वर्षे वयोगटातील १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख भारतीय वैद्यकीय सल्ल्याविना गुंगीच्या औषधांचा वापर करत होते. वापरकर्त्यांच्या संख्येनुसार उत्तर प्रदेशापाठोपाठ महाराष्ट्राचा क्रमांक होता. मालेगावात अल्प्राझोलामची गोळी ‘कुत्ता गोळी’ या नावाने, तर छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपामची गोळी ‘बटन’ या नावाने ओळखली जाते. रस्त्यावरच्या या नावांमुळे ती मुळात औषधाची गोळी आहे, याचाच विसर पडतो.

ही औषधे बेंझोडायझेपिन या गटातील आहेत. १९६० च्या दशकात ती बाजारात आली, तेव्हा त्याआधीच्या बार्बिट्युरेट औषधांपेक्षा ती सुरक्षित मानली गेली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या दिवसांसाठी दिल्यास ती आजही उपयुक्त आहेत. धोका आहे तो ‘थोड्या दिवसांसाठी’ या शब्दांचा विसर पडण्यात. काही आठवड्यांतच शरीराला औषधाची सवय होते, अर्ध्या गोळीची एक होते आणि एकीच्या दोन होतात. मग गोळी झोप लागण्यासाठी नव्हे, तर न घेतल्यास होणारा त्रास टाळण्यासाठी घेतली जाते.

मद्यासोबत किंवा अफूजन्य वेदनाशामकांसोबत ही औषधे घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अफूजन्य औषधांसोबतच्या वापराबाबत आणि २०२० मध्ये व्यसनाच्या व अवलंबनाच्या धोक्याबाबत या संपूर्ण गटावर सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले. झोल्पिडेम या वेगळ्या गटातील गोळीमुळे झोपेत चालणे किंवा वाहन चालवणे असे प्रकार घडल्याने २०१९ मध्ये तिच्यावरही तसाच इशारा आला. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडणे, हाड मोडणे आणि विस्मरण हे परिणाम दिसतात. यंत्रावर काम करणाऱ्याच्या बाबतीत सकाळपर्यंत रेंगाळणारी गुंगी अपघाताला निमंत्रण ठरते.

कायदा या बाबतीत मौन नाही. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. विक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि विकलेले प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती ३ वर्षे जपावी लागते. बेकायदा साठा आणि विक्रीवर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कारवाई होते. तरीही वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणणे, शेजाऱ्याची पट्टी मागून घेणे किंवा ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीविना खरेदी करणे हे प्रकार थांबलेले नाहीत.

पुरवठा रोखणे आवश्यक आहे, यात दुमत नाही. परंतु केवळ पुरवठा तुटल्याने व्यसन सुटत नाही. उलट दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास तीव्र अस्वस्थता, थरथर, भास आणि फिट येण्याची शक्यता असते, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणूनच ज्या गावात मोठी जप्ती होते, तेथील रुग्णालय त्याच वेळी सज्ज असणे गरजेचे ठरते. छत्तीसगड पोलिसांनी २०२१ मध्ये कोरिया जिल्ह्यात सुरू केलेल्या आणि नंतर इतर जिल्ह्यांत राबवलेल्या ‘निजात’ मोहिमेत कारवाईसोबत जनजागृती आणि समुपदेशनाचाही समावेश होता. ही दिशा योग्य म्हणावी लागेल. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्येही, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यातून संरक्षण देण्याची तरतूद आहे. तिची माहिती मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचली आहे.

उपचार उपलब्ध आहेत आणि ते परिणामकारकही आहेत. डॉक्टर गोळीची मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिने घेऊन कमी करतात. जुनाट निद्रानाशावर औषधाआधी विचार आणि सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच केली आहे. रात्रपाळीच्या कामगारांनी घरी परतल्यावर खोलीत पूर्ण अंधार ठेवणे, पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळणे आणि पाळ्यांच्या क्रमाबाबत कारखान्याच्या डॉक्टरांशी बोलणे हितावह ठरते.

मदतीसाठी सर्वप्रथम जवळच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. भिलाईकरांसाठी सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय, दुर्गचे जिल्हा रुग्णालय आणि रायपूरचे एम्स जवळ आहेत. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय, तर पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत अहोरात्र समुपदेशन मिळते. मन खचले असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तरीही याच क्रमांकावर बोलता येते.

एखाद्याने जास्त गोळ्या घेतल्याचा संशय आल्यास १०८ किंवा ११२ क्रमांकावर तातडीने कळवावे. रुग्णाला कुशीवर झोपवावे, उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, त्याला एकटे सोडू नये आणि गोळ्यांची रिकामी पट्टी रुग्णालयात सोबत न्यावी. घरात शिल्लक राहिलेल्या गोळ्या मुलांच्या व वृद्धांच्या हाती लागणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी.

किती गोळ्या पकडल्या, याचा हिशेब पोलीस ठाण्यात मिळतो. किती जणांची गोळी सुटली, याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा प्रत्येक जिल्ह्यात उभी राहिली, तरच या मोहिमेला अर्थ येईल.