पोटगी नको, हिस्सा हवा

हातकणंगले तालुक्यातील उसाचे शिवार, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि हुपरीचा चांदीचा धंदा या तिन्ही ठिकाणी स्त्रीचे श्रम उघड दिसतात. मालकीचे कागद तपासू लागले की मात्र ती दिसेनाशी होते. सातबारा बहुधा नवऱ्याच्या नावे, साखर कारखान्याचा शेअर त्याच्या नावे आणि ऊसबिलही त्याच्याच खात्यावर! संसार चालतो तोवर हे सारे 'आपले' असते. काडीमोड होताच ते 'त्याचे' ठरते.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम लग्नप्रसंगी मिळालेल्या सामायिक वस्तूंपुरते बोलते. २५ वे कलम पोटगी देते. लग्नानंतर दोघांच्या कष्टाने उभ्या राहिलेल्या मालमत्तेत पत्नीचा ठरावीक वाटा या कायद्यात नाही. पोटगीसाठी तिला आपली गरज सिद्ध करावी लागते; वाटा हा तिच्या श्रमाचा हक्क ठरला असता. आश्रित आणि भागीदार यांच्यातील हा भेद आहे.

नवरा विहीर खणतो, माग घेतो, ते बचतीतून. स्वयंपाक, गुरे, वृद्धांची शुश्रूषा ही कामे मजुरी देऊन करवून घेतली असती तर ती बचत उरली असती काय? २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे हे योगदान मान्य करून मालमत्तेत तिचा निम्मा वाटा मानला. परंतु एका निकालाने कायदा होत नाही.

जमिनीचे तुकडे पडतील, असा आक्षेप येतो. भावाभावांच्या वाटण्या होताना हा कळवळा कोठे असतो? शिवाय मागणी वडिलार्जित जमिनीची नसून लग्नानंतरच्या कमाईची आहे. तुकडा नको असेल तर किंमत द्यावी. संसार मोडतील म्हणावे, तर गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेनुसार, वेगळा करार नसल्यास, मालमत्ता सामायिक होते व घटस्फोटात निम्मी-निम्मी विभागली जाते. तेथील संसार त्यामुळे कोसळलेले नाहीत. कारभार पतीकडे ठेवण्याचा त्या संहितेतील दोष तेवढा आपण टाळावा.

शाहू महाराजांनी १९१९ सालीच कोल्हापूर संस्थानात काडीमोडाचा कायदा केला. स्वतंत्र भारतात मात्र पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत होऊनही २०१४ साली लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बारगळले. त्यासाठी रस्त्यावर कोण उतरले?

विवाहानंतरच्या मालमत्तेत निम्मा वाटा, ही मागणी आता प्रत्येक शेतकरी व कामगार मेळाव्याच्या ठरावात आली पाहिजे. आणि ठराव मांडणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम आपल्या घराच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव लावावे. समतेचा आरंभ स्वतःच्या उंबऱ्यापासूनच व्हावयास हवा.